हौसेला मोल नाही, पण गेट आहे

जगातल्या सर्वोत्तम शंभर गोल्फ मैदानांच्या याद्या अमेरिकेतली मासिकं नेमाने काढतात. आपल्याकडे लोक चारधाम मोजतात, तशा हौशी गोल्फर त्या याद्या मोजतात. हे झालं, ते राहिलं, ते या जन्मी होणार नाही. पाइन व्हॅली, सायप्रस पॉइंट, ऑगस्टा, पेबल बीच, सेंट अँड्र्यूज. माझं म्हणणं सरळ आहे. ही यादी जितकी सुंदर मैदानांची आहे, तितकीच ती बंद गेटांची आहे. आणि मैदान आखणाऱ्यांची खरी करामत बघायची असेल, तर गेटं सोडून खाणींच्या ढिगाऱ्यांकडे बघायला हवं.

ढिगाऱ्यांचा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण मी उकव्याची. बालाघाटहून बैहरकडे घाट चढून गेलात की जंगलात आमचं गाव लागतं, आणि गावाला लागून मँगनीजची खाण. १८९६ साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाच्या इंग्रज कंपनीने या पट्ट्यात मँगनीज शोधायला सुरुवात केली. पुढे तिचं नाव बदललं, १९६२ मध्ये मॉयल झाली, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. आमच्याकडे पाळी संपवून येणाऱ्या माणसाचा शर्ट कुठल्याही रंगाचा असो, घरी येईपर्यंत काळाच. गोल्फ खेळणारा एकही माणूस मला उकव्यात माहीत नाही. तरी या विषयावर लिहितेय, याचं निमित्त माझा मावसभाऊ.

दादा पुण्यात एका हॉटेलात नोकरीला आहे. पाहुण्यांच्या गोल्फच्या बॅगा गाडीतून उतरवता उतरवता त्याला हा नाद लागला. त्याने आजवर एकही चेंडू मारलेला नाही. पण ऑगस्टाच्या बाराव्या होलवर वारा कसा गरगर फिरतो आणि भल्याभल्यांचा चेंडू ओढ्यात कसा जातो, हे तो असं सांगतो की जणू दर रविवारी तिथेच असतो. त्याच्या मोबाइलमध्ये स्वप्नातल्या मैदानांची यादी आहे. घरच्यांना हसू येतं. मला येत नाही. इंग्रजीतला 'अमॅच्युअर' हा शब्द लॅटिनमधल्या प्रेम करण्याच्या क्रियापदावरून आला, आणि आपला 'हौशी' हौसेवरून. दोन्ही शब्दांत पैसे कुठेच नाहीत. जत्रेत हौसे, नवसे, गवसे असतात म्हणतात, त्यातला दादा अस्सल हौसा. आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ना? पेबल बीचवर एका फेरीचे ६०० डॉलरच्या वर पडतात. तरी ते त्यातल्या त्यात उघडं मैदान, पैसे भरले की कुणालाही खेळता येतं. बाकीच्यांत पैसे असूनही उपयोग नाही.

इथे थोडं थांबून, ज्यांना गोल्फ म्हणजे फक्त हिरवं गवत आणि पांढरी टोपी वाटतं त्यांच्यासाठी. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, उकव्यातही आणि लॉर्ड्सवरही. गोल्फमध्ये ज्या भोकात चेंडू घालायचा त्याचं माप ठरलेलं आहे, सव्वाचार इंच. बाकी सगळं जमिनीवर सोडलेलं. जिथून चेंडू मारायचा ती टी, जिथे भोक असतं ते बारीक कापलेलं ग्रीन, मधला गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, आणि वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. हे सगळं टेकडी, ओढा, झाडं, वारा बघून कुठे बसवायचं ते ठरवणारा माणूस म्हणजे गोल्फ कोर्स आर्किटेक्ट. मराठीत त्याला शब्द नाही. मी 'मैदानकार' म्हणते, आवडला तर वापरा.

या मैदानकारांच्या गोष्टी मला कादंबरीतल्या पात्रांसारख्या वाटतात. जॉर्ज क्रंप हा फिलाडेल्फियाचा हॉटेलवाला. आपलं हॉटेल विकून १९१३ च्या सुमारास तो न्यू जर्सीतल्या वाळूच्या रानात राहायला गेला आणि पाइन व्हॅलीचं मैदान आखत बसला. १९१८ मध्ये वारला तेव्हा १८ पैकी १४ होल तयार झाले होते. पेबल बीच आखणारे जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट हे दोघे स्वतः हौशी खेळाडू. १९८० साली उघडलेल्या फ्लोरिडातल्या सॉग्रासच्या मैदानावर सतरावं ग्रीन पाण्याच्या मधोमध आहे. टीव्हीवर गोल्फ कधी बघितलं असेल तर ते तुम्ही बघितलंच असेल. मैदान पीट डायचं, पण ही कल्पना त्याच्या बायकोची, ॲलिस डायची. बाकीच्या मैदानासाठी वाळू खणून खणून तिथे मोठा खड्डा पडला होता. आता इथे होल कसं करायचं म्हणून नवरा डोकं खाजवत असताना, खड्ड्यात पाणी भरू आणि मधे ग्रीन ठेवू, असं ती म्हणाली. खड्डा बुजवायच्या भानगडीत न पडता त्याचंच काहीतरी करायचं, ही गोष्ट खाणीच्या गावात वाढलेल्या मुलीला लगेच कळते.

पण माझा लाडका ॲलिस्टर मॅकेन्झी. यॉर्कशरचा डॉक्टर. बोअर युद्धात गेला, तिथे बोअर शेतकरी स्वतःला जमिनीत कसे लपवतात, खंदक दिसू नये म्हणून काय करतात, हे त्याने नीट बघितलं. परत आल्यावर हळूहळू डॉक्टरकी सुटली आणि ती नजर त्याने गोल्फला लावली. माणसाने केलेला बंकर निसर्गानेच केलाय असं वाटलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. १९२० मध्ये त्याचं मैदानरचनेवर छोटं पुस्तक आलं. त्यात तो सांगतो की चांगलं मैदान कच्च्या खेळाडूलाही आनंद देणारं हवं. ज्याचा फटका लांब जात नाही त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवा, भले त्याला एक फटका जास्त लागेल, पण तो घरी जावा खेळून. हरवलेले चेंडू शोधत फिरायची पाळी कुणावर येऊ नये. आता बघा, हा विचार किती उदार आहे! एका जागेवर बलवान आणि दुबळा दोघांसाठी वाट ठेवणारं डिझाइन. आपल्या सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांनाही हे जमलेलं नाही.

आणि याच मॅकेन्झीचं ऑगस्टा बघा. बॉबी जोन्स हा आयुष्यभर हौशी राहिलेला महान खेळाडू आणि मॅकेन्झी, दोघांनी मिळून जॉर्जिया राज्यातल्या एका जुन्या रोपवाटिकेच्या जमिनीवर ते आखलं. म्हणून तिथे प्रत्येक होलला झाडाफुलाचं नाव. जानेवारी १९३४ मध्ये मॅकेन्झी वारला, आणि पहिली मास्टर्स स्पर्धा मार्चमध्ये झाली. कच्च्या खेळाडूसाठी वाट ठेवणाऱ्या त्या माणसाच्या मैदानावर पुढे काय झालं? सभासद होण्यासाठी अर्जच करता येत नाही, बोलावणं यावं लागतं. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये खेळणाऱ्याला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे, आणि ते सगळे कॅडी कृष्णवर्णीय होते. पहिला कृष्णवर्णीय सभासद आला १९९० मध्ये. बायकांना सभासदत्व मिळालं २०१२ मध्ये. पाइन व्हॅलीला तर त्यासाठी २०२१ उजाडावं लागलं. जमिनीवर दोन वाटा होत्या, गेटवर एकच.

तुम्ही म्हणाल, खासगी क्लब आहे, त्यांची जागा, त्यांची मर्जी. ठीक. मग सेंट अँड्र्यूजकडे चला.

स्कॉटलंडमधलं ओल्ड कोर्स हे यादीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पूज्य मैदान. ते कुणा एकाने आखलेलं नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवर मेंढ्या चरल्या, माणसं खेळली, खेळता खेळता ते झालं. १७६४ मध्ये २२ होलांची १८ झाली आणि जगाने तोच आकडा उचलला. एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिसने त्याची निगा राखली. पण मुद्दा असा, की ही जमीन गावाची आहे. खेळायचं असेल तर दोन दिवस आधी नाव द्यायचं, सोडत निघते, नशीब असेल तर कुठल्याही देशाचा साधा हौशी खेळाडू विश्वविजेत्यांच्या वाटेवरून चालतो. आणि रविवारी मैदान खेळाला बंद. तुम्हाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी, असं ओल्ड टॉम म्हणायचा असं सांगतात. (सब्बाथचं यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मी प्रवचनातही ऐकलेलं नाही.) रविवारी गावातली माणसं तिथे कुत्री फिरवतात, पोरं पळतात. जगातलं सगळ्यात मोठं गोल्फ मैदान आठवड्यातून एक दिवस गावाची बाग होतं!

त्याच्या शेजारीच उंचसखल गवताचा एक तुकडा आहे, नाव 'हिमालयाज'. १८६७ मध्ये तिथे बायकांचा पटिंग क्लब सुरू झाला, कारण खांद्याच्या वर काठी नेऊन फटका मारणं बाईमाणसाला शोभत नाही, असं तेव्हाचं मत. ती जागा आज थोडक्या पैशांत आल्यागेल्या सगळ्यांना खेळायला मिळते. दादाला मी सांगितलंय, यादीत ऑगस्टा खोड आणि हे लिही. तो ऐकत नाही.

आता आपल्याकडे. इंग्रज जिथे गेले तिथे त्यांनी गोल्फ नेलं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. छावण्या, थंड हवेची ठिकाणं, चहाचे मळे, खाणी. कोलारच्या सोन्याच्या खाणींत हजारो मजूर खाली उतरत होते आणि वर साहेबांसाठी गोल्फचं मैदान होतं. खाण २००१ मध्ये बंद पडली. आपल्याकडच्या कोरड्या भागात ग्रीनवर गवत टिकायचं नाही, म्हणून तेल घातलेल्या वाळूचं गोल सपाट अंगण करत आणि त्याला 'ब्राउन' म्हणत. ग्रीनऐवजी ब्राउन, म्हणजे जमिनीने साहेबाला नमवलं ते एवढंच.

साहेब गेले, गेट राहिलं. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये पाहुणी म्हणून गेलेल्या एका खासी बाईला जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगितलं गेलं, कारण तिच्या अंगावर तिच्या मुलखाचा पोशाख होता आणि तो मोलकरणीसारखा दिसतो म्हणे. तेव्हा पेपरांत गाजलं, मग विरलं. त्याच क्लबमध्ये कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला, ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. कलकत्त्याच्या रॉयल क्लबमध्ये गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ तीच स्पर्धा जिंकला. म्हणजे मैदान सगळ्यात चांगलं कुणाला वाचता येतं? जो त्यावरून दुसऱ्याची बॅग वाहतो त्याला, जो ते कापतो त्याला.

मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ चा. त्याच्या आसपासच्या वस्तीत राहणारे कॅडी घराजवळच्या बोळांत स्वतःचं गोल्फ खेळतात. लोखंडी सळई वाकवून केलेली काठी, प्लॅस्टिकचा चेंडू, दोन भिंतींमधली फटच फेअरवे. पत्र्यावर आदळून चेंडू कुठे उडेल याचा हिशेब, नाली ओलांडायचा हिशेब. परदेशी वाहिन्यांनी त्यावर बातम्या केल्या, 'स्लम गोल्फ' असं नाव दिलं. मला ते नाव आवडत नाही. ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलला चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच मारावा लागतो, त्याला जग परंपरा म्हणतं. चेंबूरच्या बोळाला वस्तीचं नाव का? दोन्ही मैदानं लोकांनी खेळून खेळून आखली. त्यांना मी मैदानकारच म्हणेन.

गेट उघडं ठेवून चालतं याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. दिल्लीत लाडो सरायला डीडीएचा कुतुब गोल्फ कोर्स आहे, देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान. फी भरा, खेळा.

आता माझा खरा विषय. अमेरिकेत मोंटाना राज्यात अनाकोंडा नावाचं गाव आहे. तिथे तांबं वितळवायची अजस्र भट्टी होती. १९८० मध्ये ती बंद झाली. मागे राहिली विषारी जमीन आणि काळ्या मळीचे डोंगर. कंपनीला साफसफाई करणं कायद्याने भाग होतं. त्यांनी जॅक निकलॉसला बोलावलं. खेळाडू म्हणून त्याच्यापेक्षा जास्त मोठ्या स्पर्धा कुणी जिंकलेल्या नाहीत, आणि पुढे तो मैदानकार झाला. दूषित मातीवर स्वच्छ मातीचा थर दिला, जुन्या भट्ट्यांचे अवशेष तसेच ठेवले, आणि बंकरमध्ये पांढऱ्या वाळूऐवजी ती काळी मळीच भरली. १९९७ मध्ये 'ओल्ड वर्क्स' नावाने मैदान उघडलं. काळे बंकर! फोटो बघा, हिरव्या गवतात काजळाचे थेंब सांडल्यासारखे. आणि ते मैदान बंद गेटाच्या क्लबचं नाही, सगळ्यांना खुलं.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातलं स्ट्रीमसाँग. फॉस्फेटच्या खाणीने उपसून टाकलेल्या वाळूच्या ढिगांवर अनेक वर्षांत आपोआप गवत उगवलं होतं. बिल कूर, बेन क्रेनशॉ आणि टॉम डोक या मैदानकारांनी ते ढीग सपाट केले नाहीत. ढीग जसे पडले होते त्यातच वाटा शोधल्या. २०१२-१३ मध्ये पहिली दोन मैदानं उघडली आणि ती थेट मोठ्या याद्यांत गेली. खाणीचा कचरा सेंट अँड्र्यूजच्या पंक्तीला.

लगेच एक आक्षेप येणार, आणि तो माझ्याच घरात आला. आजी म्हणाली, "पोटाले नाही आन् गोल्फ कायले बाप्पा?" तिचं बरोबर आहे. अनाकोंडाची भट्टी गेली तेव्हा गेलेल्या नोकऱ्या काळ्या बंकरांनी परत आणल्या नाहीत. गोल्फला पाणी लागतं, खत लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात हातपंप दमतात. उकव्यात गोल्फ कोर्स करा असं मी म्हणत नाहीये. तिथे गोल्फ कोर्स झालाच तर त्यालाही गेट लागेल आणि आत आमची पोरं बॅगा वाहतील, हे मला दिसतं.

मी म्हणतेय ते वेगळं आहे. उकव्याची खाण आज सुरू आहे, बंद होत नाहीये. पण प्रत्येक खाणीला खाण बंद करण्याचा आराखडा आधीच करून मंजूर घ्यावा लागतो, तसा नियम आहे. खाण संपल्यावर खड्ड्याचं, ढिगांचं, पाण्याचं काय करायचं ते त्यात असतं. हे आराखडे ज्या भारतीय खाण ब्युरोकडे जातात त्याचं मुख्यालय नागपुरात, मॉयलचंही नागपुरात. म्हणजे आमच्या गावाची उद्याची जमीन कशी दिसेल ते मी शिकते त्याच शहरात ठरतं. आणि अशा कामांत नेहमी दिसतं काय? ढिगाला उतार द्या, रोपं लावा, तारेचं कुंपण घाला. प्रत्येक गावाला तोच साचा. वाईट मैदानकार असेच काम करतात : सगळी जमीन सपाट करायची आणि कुठेही चालेल असा नकाशा आणून पसरायचा. चांगला मैदानकार आधी चालतो. पाऊस पडल्यावर पाणी कुठून जातं, गुरं कुठली वाट धरतात, माणसं कुठे बसतात, हे बघतो आणि मग पेन्सिल उचलतो. सावनेरकडे कोळसा कंपनीने खाणीच्या आवारात इको-पार्क केला, चांगलं आहे, पण बाग म्हणजेच सगळं नव्हे.

उकव्याचं ग्राउंड, जुने ढिगारे, त्यावरून जंगलात जाणाऱ्या मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या वाटा, यांचा नकाशा कुठल्याही आराखड्यात यायचा असेल तर तो कुणीतरी आधी काढायला हवा. आपल्या मंडळात बालाघाट, तुमसर, तिरोडी, रामटेककडचे आपण सात-आठ जण आहोत, सगळे मँगनीजच्या पट्ट्यातले. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावाच्या खाणीभोवती एक फेरी मारावी, सोबत एक म्हातारं माणूस आणि एक दहा वर्षांचं पोरगं घ्यावं, आणि ते जे दाखवतील ते वहीत उतरवून आणावं. पुढच्या अंकात ते छापू आणि एक प्रत खाण ब्युरोला देऊन येऊ, सिव्हिल लाइन्स काही लांब नाही.

माझ्या वहीत आत्ताच तीन नोंदी आहेत. एक, ढिगाच्या मागची ती सपाट जागा जिथे पोरी खो-खो खेळतात, कारण ग्राउंडवर पोरांचं क्रिकेट असतं. दोन, आजीची सरपणाची वाट, जी कुंपण घातलं तर तुटेल. तीन, पावसाळ्यात एका खळग्यात साठणारं पाणी, ज्यात डिसेंबरपर्यंत बदकं दिसतात. दादाला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाला, तिसऱ्या नंबरला पाण्याच्या पलीकडे ग्रीन ठेवायला मस्त जागा आहे.